नावापुढं एएफआयएपी लावलं की माणूस फोटोग्राफर होते काय?

झूम_दारव्हा:
काल इथं एका भाऊनं लिहिलं की, फोटोग्राफिक सोसायटीचा सभासद नाही, नावापुढं एएफआयएपीसारखी आंतरराष्ट्रीय फोटो-संघाची पदवी नाही, तो फोटोग्राफर नव्हे, नुसता शटर दाबणारा. मी बावीस वर्षं लग्नं मारून रायलो. हळदीच्या मांडवात लाइट गेल्यावर मोबाइलच्या बॅटरीवर फोटो काढून दाखवावा या पदवीवाल्यानं! निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ आधी इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढत. नावाजलेले फोटोग्राफर रघु राय मूळचे सिव्हिल इंजिनियर. १९७७ मध्ये फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं त्यांचं नाव मॅग्नम या जगप्रसिद्ध फोटो एजन्सीसाठी सुचवलं, ते काम पाहून. सलोनचे, म्हणजे फोटोस्पर्धांचे, अॅक्सेप्टन्स (किती फोटो निवडले ते) मोजून नाही.

अॅपर्चर_अमरावती:
तो भाऊ मीच. मॅग्नम म्हणजे काय पानठेला आहे का? तीही संस्थाच, १९४७ ची, फोटोग्राफरांनीच काढलेली सहकारी. मुंबईत तर १८५४ लाच फोटोग्राफिक सोसायटी निघाली, फोटो काढणारे डॉ. नारायण दाजींसारखे लोक तिच्यात होते. चार जाणकारांनी प्रिंट फाडून खाल्ल्याशिवाय डोळा तयार होत नाही. तुमच्या अल्बमला नावं कोण ठेवतं? नवरीची मावशी.

झूम_दारव्हा:
मावशी नावं ठेवते, पण तिच्या घरून पैसे भेटतात. तुमच्या सलोनात नावं ठेवून घ्यायची फी आपणच भरायची. अन् सहकारी म्हटलं की मले बंद पडलेली सूतगिरणीच दिसते. पण घ्या, मॅग्नमचा मुद्दा तुमचा.

कपाशी_७७:
मले पडायचं नव्हतं यात. पण सोसायटीवाल्यांचं ‘आउटिंग’ आमच्या वावरात आलतं. सात-आठ जण, दोन गाड्या. बाबाले धुऱ्यावर बसवलं. उन्हाच्या तिरप्या रेघा दिसाव्या म्हणून ओला पाला पेटवून धूर केला. बाबा जन्मभर टोपीवाले, तर डिक्कीतून लाल फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. फोटोले बक्षीस भेटलं, नाव ‘दुष्काळ’. त्या साली आमची कपाशी पाण्यानं सडली होती! कॉपी देतो म्हणाले, दिली नाही. बाबा गेले तवा तेरवीले आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला.

अॅपर्चर_अमरावती:
वाईट झालं. पण ही त्या माणसांची चूक. एका फेट्यावरून पावणेदोनशे वर्षांची परंपरा मोडीत काढणार का?

कपाशी_७७:
तुमच्या बापाले घातला असता तो फेटा, मग विचारलं असतं परंपरेचं.

वर्धेची_माई:
बापावर जाऊ नका रे. फोटो कोणाचा, हा घोळ जुनाच आहे. देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. आमच्या स्टुडिओत डार्करूम मी सांभाळली, फोटो धुवायच्या डेव्हलपरनं बोटं पिवळी केली, अन् बोर्डावर नाव दिराचं. वाटण्या झाल्या तर निगेटिव्हची ट्रंकही तिकडंच गेली. मले कोणती सोसायटी पदवी देते, सांगा.

झूम_दारव्हा:
माई, तुमचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडाले.

अॅपर्चर_अमरावती:
कपाशीभाऊ, फोटो कोणत्या साली काढला ते कळवा. आमच्या ग्रुपवर विचारतो. मूळ फाइल भेटेलच असं नाही.

कपाशी_७७:
कळवतो. फेटा घालायच्या आधीचा एखादा असला त तोच पाठवा.