पंख्याचा पीच, भजनाची पट्टी आणि क्रिकेटची खेळपट्टी

नाळेवरून
मच्छीमारांसाठीच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'पीच' या एका इंग्रजी शब्दाने तीन ठिकाणी अडवलंय.

पहिला प्रोपेलरचा पीच. पंख्याच्या बुंध्यावर '३० × २२' असे आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पीच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा अजिबात न घसरता फिरला, तर एका फेऱ्यात २२ इंच पुढे जाईल, असा त्याचा अर्थ. पाण्यात तो घसरतोच, म्हणून प्रत्यक्षात कमी जातो. दुसरं, समोरून लाट आली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलते आणि खाली आपटते, ते पिचिंग. तिसरं, लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत भरतात ते काळं पीच.

पहिल्याला मी 'चाल' लिहिलं होतं. एका फेऱ्याची चाल. मला शब्द फार आवडला होता. देवगड बंदरात एका मेकॅनिकना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "चाल भजनाक लावतत. ह्येका पीच म्हणतत." आता काय करू?

आटेवाला
लोट्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं लेथवर काढली. पीच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. दहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला तो दीड मिलिमीटर असतो. नट एक फेरा फिरवला की तेवढाच पुढे सरकतो. तुमचा पंखा म्हणजे पाण्यातला स्क्रूच, त्यामुळे हिशेब एकच. 'आटा' लिहा. बारीक आटा, मोठा आटा. कुठल्याही कारागिराला कळेल.

टंकलेखिका
आमच्या टाइपरायटरला पण पीच असायचा, पण बरोबर उलटा! दहा पीच म्हणजे एका इंचात दहा अक्षरं, बारा पीच म्हणजे बारा. म्हणजे आकडा वाढला की अक्षरं जवळ येतात. आटेवाल्यांचा आकडा वाढला की आटे लांब जातात. रत्नागिरीला कोर्टाबाहेर अर्ज टाइप करायला बसायचे तेव्हा एका वकिलांना हे समजावताना घसा कोरडा पडला होता.

देवनागर
इंग्रजी शब्दाला दहा अर्थ असले, तर आपण दहा शब्द करावेत. तीच तर मराठीची श्रीमंती. 'पीच' तसाच ठेवणं हा आळस आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते. त्या काळात भाषाशुद्धीचं केवढं काम झालं! दिनांक, महापौर हे शब्द आज कुणाला जड वाटतात का? 'चाल' उत्तम आहे. ताई, मेकॅनिकने नाक मुरडलं म्हणून मागे घेऊ नका.

खाडीकाठ
देवनागर, आदर ठेवून विचारतो. बोटीवरचा कुठला शब्द शुद्ध आहे? सुकाणू अरबीतून आलं. खलाशीही अरबी. नाखवा फारसी नाखुदापासून, बंदर फारसी. घरी या, काजू देतो, तोही पोर्तुगिजांनी आणलेला, नावासकट. दर्यावर्दी माणूस वस्तू आणतो तसा शब्दही आणतो. माझे आजोबा हर्णैला तांडेल, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे म्होरके, होते. बंदराला लागलेलं काहीही परकं नसतं, असं ते म्हणायचे. पीच आता बंदराला लागलाय.

काळी दोन
मेकॅनिकचं म्हणणं सोडू नका हो. चाल आमचीच! पण संगीतातला पीच म्हणजे चाल नाही, पट्टी. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी 'स्वराची उच्चनीचता' शिकवली. ते घरी येऊन मामांना सांगितलं. मामांनी पेटी उघडली, भाता मारला, काळी दोनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही पट्टी. आता हीतच राहायचं." उच्चनीचता मला त्या दिवशी कळली, पण त्यांच्या शब्दाने.

एकदा कणकवलीकडे डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, होती. समोरच्या बुवांनी पांढरी चार धरली. आमच्या बुवांचा गळा सर्दीने बसलेला. त्यांनी पट्टी न बदलता गजर खालच्या स्वरांतच खेळवला आणि मांडव डोक्यावर घेतला. पट्टी सांभाळणं म्हणजे काय, ते तिथे बघावं. बाकी जगाने १९३९ मध्ये लंडनला परिषद भरवून पांढरी सहा ४४० हर्ट्झला बांधली, पण गावातल्या जुन्या पेट्यांना ते कुणी कळवलेलं नाही.

खाडीकाठ
थांबा थांबा. संगीतातला पीच म्हणजे पट्टी. क्रिकेटचा पीच म्हणजे खेळपट्टी. मराठीने दोन्हीकडे 'पट्टी'च का घेतली? इंग्रजीत एकच शब्द म्हणून? की योगायोग?

काळी दोन
योगायोग. पेटीची पट्टी म्हणजे बोटाखालची लाकडी पट्टी, तिच्यावरून स्वराचं नाव पडलं. खेळपट्टी म्हणजे जमिनीचा लांबट तुकडा, २२ यार्ड लांब, १० फूट रुंद. इंग्रजी न बघता दोघी एका घरात आल्या. शिवाय घरपट्टी, पाणीपट्टी, जखमेची पट्टी, आखायची पट्टी. इंग्रजांच्या पीचला नावं ठेवण्याआधी आपली पट्टी मोजा.

कातळसडा
क्रिकेटचा विषय निघाला म्हणून. आमच्या सड्यावर जांभ्याच्या कातळावर पीच व्हायचा नाही, म्हणून भातकापणी झाली की मळ्यात करायचो. माती ओली करून चोपायची, वर शेणाने सारवायचं. आई म्हणायची, "अंगण सारवायला कधी हात लावला नाहीस!" आम्ही 'ती पीच' म्हणायचो, 'पीच ओली आहे'. पलीकडच्या वाडीत 'तो पीच'. ताईंच्या मेकॅनिकचा पुल्लिंगी दिसतोय. ते कुठल्या वाडीचे?

पिंपळपार
पिचणे, पिचकणे, पिचकारी, सगळ्यांत दाब आणि फेक आहे. इंग्रजीत पीच म्हणजे फेकणंसुद्धा. मूळ एकच असणार.

बाहेरकाठा
नाही हो. इंग्रजीत मुळात दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एका उच्चारात येऊन बसलेत. काळं पीच लॅटिनच्या 'पिक्स'पासून, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ. दुसरा म्हणजे खुपसणे, रोवणे, ठोकणे. त्यातून तंबू ठोकणं आलं. क्रिकेटच्या १७४४ च्या नियमांतही यष्ट्या रोवण्याला हेच क्रियापद आहे, खेळपट्टीला पीच म्हणायला लागले ते त्यावरून. पिचकारीचा संबंध नाही.

रोवण्याचा हाच अर्थ आमच्या खारभूमीच्या बांधांवर जिवंत आहे. बांधाच्या खाडीकडच्या उतारावर दगड एकेक करून हाताने बसवतात, त्याला गडी सरळ 'पिचिंग' म्हणतात. उधाणाची भरती आधी त्यावर आपटते. एका बांधाचं पिचिंग दोन वर्षांत सुटलं, खारं पाणी आत शिरलं आणि आमचं भात तीन हंगाम गेलं. कागदावर त्याला 'दगडी अस्तरीकरण' म्हटलं होतं. अस्तर म्हटलं की नुसतं पसरायचं, असं कुणाला वाटलं असेल तर? दगड रोवायचे असतात, उभे, जड बाजू खाली. रोवण्याचा तो अर्थ शब्दात असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

देवनागर
मग 'दगडरोवणी' म्हणा. झाला की मराठी शब्द! ही तर माझीच बाजू झाली.

बाहेरकाठा
रोवणी छान आहे, पण ती भाताच्या रोपांची वाटेल. तरी मान्य, अस्तरीकरणापेक्षा बरी.

नाळेवरून
सगळ्यांचे आभार. सोमवारी मजकूर द्यायचा आहे. सध्या 'पंख्याचा पीच (एका फेऱ्यात पंखा न घसरता जितका पुढे जाईल ते अंतर)' असं लिहिलंय. 'आटा' मला पटत होता, पण मेकॅनिक म्हणतात आटा म्हटलं की माणूस शाफ्टच्या नटाचे आटे बघायला जाईल. पीच जास्त झाला तर इंजिनावर ताण येतो, पुरते फेरे मिळत नाहीत, काळा धूर येतो. कमी झाला तर इंजिन नुसतं पळतं, बोट पळत नाही. हे दोन परिणाम नीट मराठीत गेले की शब्द कुठलाही असो, खलाशाला उपयोग होईल. नाळ आपटण्याला मात्र अजून शब्द मिळालेला नाही. 'हेलकावे' लिहिलं तर बाजूचं डोलणंही त्यातच येतं.

खाडीकाठ
आजोबा 'समोरून लाट घेते' एवढंच म्हणायचे. स्वतंत्र नाव ऐकलं नाही.

कातळसडा
मेकॅनिकची वाडी राहिली.

बाहेरकाठा
पिचिंगच्या दगडांच्या फटींत हातोड्याने बारीक तुकडे ठोकून बसवतात, त्यांना आम्ही चिपा म्हणतो. माझ्या सासुरवाडीला, अलिबागच्या खाली, वेगळाच शब्द होता. सासरे गेले, आता विचारायला कुणी नाही. तिकडचं कुणी आहे का इथे?