१९६५ च्या मस्टँगमधील २८९ इंजिनाचा मूळ रंग कोणता?

प्रश्न: माझ्याकडील १९६५ च्या फोर्ड मस्टँगचे २८९ घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन सध्या संपूर्ण निळे आहे, परंतु टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरील व्हॉल्व्ह झाकणाऱ्या आवरणाच्या) कडेला, निळ्या रंगाच्या खाली, सोनेरी थर दिसतो. कारखान्यातून निघताना इंजिनाचा रंग कोणता असावा?

उत्तर १: कव्हरपुरता सोनेरीच. त्या वर्षी २८९ चा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) काळा, तर टॅपेट कव्हर व एअर क्लीनर सोनेरी असत. फोर्डने सरसकट निळा रंग १९६६ पासून स्वीकारला, त्यामुळे तो नंतर कोणीतरी मारला असणार. हाय-परफॉर्मन्स २८९ ची कव्हरे मात्र क्रोमची असत.

उत्तर २: सहमत, तरीही ब्लॉक मूळचाच आहे का, हे आधी तपासावे. स्टार्टरजवळ ब्लॉकवर ओतकामाची तारीख उमटलेली असते. ‘५डी१२’ म्हणजे १२ एप्रिल १९६५. छटा जुळवताना उघड्या भागावर विसंबू नये, कारण उष्णतेने आणि तेलाने तो रंग काळवंडतो. ब्रॅकेट सोडवून त्यामागील भाग रॉकेलने हलकेच पुसावा आणि तिथे टिकलेला रंगच नमुना म्हणून धरावा. रंग काढण्याचे रसायन तिथे अजिबात नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्डही (इंजिनातील धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) रंगवू नयेत. ते न रंगवलेल्या बिडाचेच असत.