जवारीचं शूटिंग: फोटो शार्प, व्हिडिओ पुसट

मिरजेचा पुतण्या
काका तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी कानशीनं घासून नाद जुळवतात, ते नीट शूट करून ठेवायचंय. कॅनन ७००डी आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स. दुकानात ट्यूबलाइट. घोडीचा फोटो काढला तर कानशीचे ओरखडेसुद्धा मोजता येतात, व्हिडिओत मात्र सगळं पुसट. वर काळे पट्टे सरकतात आणि तार छेडली की सापासारखी वळवळते. हलणारं स्पष्ट यावं म्हणून शटर १/५०० सेकंद ठेवलंय. लेन्स बदलू का?

विश्रामबाग, सांगली
लेन्सवर पैसे घालू नका. तुमचा फोटो १८ मेगापिक्सेलचा, पण फुल एचडी फ्रेम १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. त्यातही हा कॅमेरा व्हिडिओला सेन्सरच्या ओळी गाळत वाचतो. अख्खं दुकान फ्रेममध्ये घेतलंत की बारकावे जाणारच. जवळ जा. घोडी, कानस आणि काकांची बोटं, एवढ्यानंच फ्रेम भरू द्या.

पट्टे आणि वळवळ शटरमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मेनूत PAL ही व्हिडिओ पद्धत निवडा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण लुकलुकी बसतात. छेडलेली तार मग धूसर दिसेल, दिसू द्या, डोळ्यालाही तशीच दिसते. सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे जलद शटरला त्या लाटा उठतात.

ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून जवारीच्या कडेवर हातानं फोकस लावा, मग रेकॉर्डिंग. लेन्सचा झूम ५५ वर, अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा. ट्रायपॉडवर असाल तर लेन्सचं स्टॅबिलायझर बंद. आणि शक्य असेल तर काकांना दाराजवळ बसवा, उजेड बाजूनं आला की घासलेला पृष्ठभाग उठून दिसतो.

मिरजेचा पुतण्या
पट्टे गेले! कडसुद्धा दिसतेय. पण काकांच्या बारीक रेघांच्या शर्टावर रंगीत लाटा येतात.

विश्रामबाग, सांगली
तेही ओळी गाळण्यामुळेच. शर्ट साधा घालायला सांगा. पिक्चर स्टाइलमधला शार्पनेस खाली आणा, लागेल तेवढा एडिटिंगमध्ये वाढवता येतो.

तंबोरा शिकणारी
आवाज विसरू नका, दादा. कॅमेऱ्यात साउंड लेव्हल ऑटोवर असेल तर हळू-मोठं सारखंच होऊन जातं, ती मॅन्युअल करा. घासण्याआधी, घासल्यावर आणि घोडीवर तारेखालचा दोरा सरकवताना, तिन्ही वेळा तीच तार वाजवून घ्या. काका कानानं काय ठरवतात ते शिकणाऱ्याला त्यातूनच कळेल.