मदत हवी आहे: पावसात इनटेकचा फिल्टर भिजतोय, शनिवारच्या आत उपाय सांगा

घाटवाट_पुणे (मंगळवार, रात्री ११:४०)
मंडळी नमस्कार, मार्चमध्ये गाडीला आफ्टरमार्केट इनटेक (इंजिनात हवा नेणारा, बाहेरून घेतलेला पाइप आणि फिल्टर) बसवून घेतला, उन्हाळाभर झकास चालली, आवाजही मस्त, पण पाऊस लागल्यापासून वैताग आलाय. गेल्या शनिवारी ताम्हिणी उतरून विळ्याच्या अलीकडे पिकअप पार गेला, गाडी झटके द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा लागला. अर्धा तास थांबलो तर जरा बरी झाली. घरी येऊन बघितलं तर फिल्टर चिंब. आईबाबा माणगावला असतात, दर शनिवारी जावंच लागतं. फक्त एवढंच सांगा, फिल्टरवर कव्हर काय घालू? "स्टॉक (कंपनीचा मूळ) बसव" हे प्लीज कोणी सांगू नका, वीस हजार घातलेत.

स्पॅनर२२ (१२:०५)
गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? फिल्टर बॉनेटखाली आहे की खाली बंपरमध्ये?

जिप्सीवाले काका (बुधवार, सकाळी ६:२०)
स्नॉर्कल बसवा, विषय संपला. माझ्या जिप्सीला आहे, हवा टपाच्या उंचीवरून घेते, किती ओढे ओलांडलेत त्याची गणती नाही. इंजिनाला हवा वरूनच द्यायची, खालून नाही.

सरीवर_सरी (सकाळी ८:१५)
ताम्हिणीत पावसाइतकाच धुक्याचा त्रास असतो. काचेवर बटाटा कापून चोळा, पाणी थांबत नाही, मी दर पावसाळ्यात करते. वायपरचं रबर पण बदलून घ्या.

घाटवाट_पुणे (सकाळी ९:०२)
स्विफ्ट आहे. ताई, काचेचा प्रश्न नाहीये. काका, स्विफ्टचा फेंडर कापून स्नॉर्कल नाही बसवणार. कव्हर सांगा ना कोणीतरी.

टॉर्करेंच (सकाळी ९:३०)
कव्हरपेक्षा बायपास व्हॉल्व्ह घे. फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या पाइपात बसतो, खाली फिल्टर पाण्यात बुडाला की ओढ वाढते, मग व्हॉल्व्ह उघडतो आणि वरूनच हवा आत येते, पाणी खालीच राहतं. माझ्या होंडा सिटीला चार वर्षं आहे. बाकी सगळे जुगाड.

स्पॅनर२२ (सकाळी ९:४१)
जुनी स्विफ्ट दोन्हीत यायची भाऊ. पेट्रोल की डिझेल? आणि फिल्टर कुठे? तिसऱ्यांदा विचारायला लावू नकोस.

घाटवाट_पुणे (सकाळी १०:१०)
व्हीडीआय म्हणजे डिझेल, २०१४. फिल्टर बंपरमध्ये, डाव्या फॉगलॅम्पच्या मागे, थंड हवा मिळते म्हणून तिथे बसवला. कोन फिल्टर आहे, तेल लावायचा कापडी. झालं? आता कव्हर?

स्पॅनर२२ (सकाळी १०:५५)
आता बोलता येईल. टॉर्करेंच, तुझी सिटी पेट्रोल, नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोची. ह्याची टर्बो डिझेल आहे, बूस्ट (टर्बोचा दाब) आला की टर्बो जोरात हवा ओढते, ती ओढ आणि फिल्टर बुडाल्याची ओढ व्हॉल्व्हला वेगळी कळत नाही, तो नको तेव्हा उघडणार आणि नीट गाळलेली नसलेली हवा आत जाणार. हे व्हॉल्व्ह बनवणारेसुद्धा टर्बोला लावू नका म्हणतात.

घाटवाट, तुझ्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तू एकच समजतोयस. एक म्हणजे उडणारं पाणी, शिंतोडे, चाकाचा फवारा. त्याने फिल्टर भिजतो, हवा कोंडते, पिकअप जातो, मॅफ सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणारा) थेंब बसले की झटके. गेल्या शनिवारी तुझं हेच झालं असणार. त्याला कव्हर चालतं. दुसरं म्हणजे फिल्टर पाण्यात बुडणं, त्याला जगातलं कुठलंही कव्हर चालत नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तुझं इंजिन १२४८ सीसी, एका सिलिंडरला ३१२. कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) १७-१८ च्या घरात धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर जागा उरते जेमतेम १८-१९ मिली. म्हणजे मोठा चमचाभर पाणी आणि इंजिन खोलायची वेळ. रस्त्यापासून फिल्टरचं खालचं टोक किती वर आहे ते टेपने मोजून सांग.

डोंबिवली_फास्ट_लेन (सकाळी ११:२०)
सोपा उपाय: पाइप जिथे सगळ्यात खाली येतो तिथे ६ एमएमचं भोक पाडा, पाणी आपोआप गळून जाईल. कंपनीच्या एअरबॉक्सलाही (फिल्टरच्या डब्याला) असं भोक असतंच.

स्पॅनर२२ (सकाळी ११:३२)
अजिबात पाडू नका! कंपनीचं भोक फिल्टरच्या आधीच्या भागात असतं, धुळीच्या बाजूला. ह्याच्या पाइपात फिल्टरनंतर भोक पाडलं तर उन्हाळ्यातली सगळी धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर. आणि पाण्यात गाडी गेली तर त्याच भोकातून पाणी आत.

डोंबिवली_फास्ट_लेन (सकाळी ११:५०)
माझ्या गाडीला दोन पावसाळे आहे, काही झालं नाही.

टॉर्करेंच (दुपारी १२:१५)
व्हॉल्व्हचं मान्य, टर्बो आहे हे आधी लिहिलं नव्हतं. पण मग फिल्टरला तेल जास्त लाव, तेलावर पाणी टिकत नाही.

स्पॅनर२२ (दुपारी १२:२०)
जास्तीचं तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं, तोही झटक्यांचाच रस्ता. तेल ठरलेलं तेवढंच. वरून पाणी झटकणाऱ्या कापडाचा, मोज्यासारखा प्री-फिल्टर मिळतो, तो चढव, पण चिखल बसला की धू आणि पूर्ण वाळव. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नकोस, दम कोंडेल आणि पिशवी फाटून आत ओढली जाईल.

वाशिष्ठीकाठी (दुपारी १:४०)
मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्या आळीतल्या सगळ्या गाड्या पाण्याखाली होत्या. माझी वाचली कारण चिखल वाळेपर्यंत मी चावीला हात लावला नाही, टो करून नेली, मेकॅनिकने एकेक इंजेक्टर काढून हाताने इंजिन फिरवून बघितलं, तेल-फिल्टर सगळं बदललं आणि मगच सुरू केली. शेजारच्या भावजींनी "बघू तरी" म्हणून एकदा सेल्फ मारला, त्यांचं इंजिन गेलं. वरून विमा कंपनी म्हणाली साध्या पॉलिसीत हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर हवं होतं. घाटवाट, तुमच्या पॉलिसीत ते आहे का बघा, आणि इनटेक बदलल्याचं विमावाल्यांना कळवलंय का तेही. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ नाही, धक्का नाही, काही नाही. तशीच सोडून आधी स्वतः बाहेर या.

मायलेज_मास्टर (दुपारी ३:०५)
इनटेकने अ‍ॅव्हरेज वाढलं का? मलाही बसवायचाय.

घाटवाट_पुणे (रात्री ९:५०)
मोजलं. ११ इंच. आणि मंडळी, जॅक लावून डावं चाक काढलं तर वेगळंच निघालं. चाकाच्या वरचं आतलं काळं प्लास्टिक, फेंडर लायनर, पाइप जायला जागा हवी म्हणून बसवणाऱ्याने पुढून वीतभर कापलंय आणि तसंच उघडं सोडलंय. फिल्टर चाकाच्या बरोब्बर समोर, अर्ध्या भागावर लाल चिखल. मला एका शब्दाने सांगितलं नाही त्याने. फोन केला तर म्हणतो सगळ्यांना असंच करतो. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट नाही, विमावाल्यांना कळवलंही नव्हतं. ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला.

स्पॅनर२२ (रात्री १०:२०)
सापडलं मग. तुझ्या टायरच्या हिशोबाने हब (चाकाचा मध्य) साधारण १२ इंचावर, म्हणजे फिल्टर हबच्याही खाली. अर्धं चाक बुडायच्या आत तो पाण्यात. शिवाय उभ्या पाण्याची पातळी एक आणि समोरून एसटी आली की तिची लाट वेगळी.

आधी लायनर. तोडून टाकू नकोस, कापलेल्या जागी जाड रबरशीट आतून लाव, मडफ्लॅपची चालते, लायनरच्या क्लिपा आणि वॉशर-स्क्रूने पक्की कर, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून घासतंय का बघ. फवारा तिथेच थांबेल. मग फिल्टरवर तो प्री-फिल्टर. बुडण्याचं मात्र एकच उत्तर आहे आणि ते तुला ऐकायचं नव्हतं: जून ते सप्टेंबर स्टॉक एअरबॉक्स. तुझा इनटेक कुठे पळून जात नाही, दसऱ्याला परत चढव.

घाटवाट_पुणे (रात्री १०:४५)
स्टॉक बॉक्स बसवणाऱ्यानेच ठेवून घेतला, पाचशे रुपये कमी केले होते त्याचे.

जिप्सीवाले काका (गुरुवार, सकाळी ६:१०)
नाना पेठेत बघा, जुने स्पेअर मिळतात. झाकणाच्या पट्ट्या आणि खालचा रबरी पाइप तुटलेला नाही ना ते हाताने चाचपून घ्या. आणि ह्या शनिवारी एसटीने जा हो, आईवडिलांना गाडी नको असते, तुम्ही हवे असता.

घाटवाट_पुणे (गुरुवार, रात्री ८:३०)
काका, स्वारगेटहून सकाळच्या एसटीचं तिकीट काढलं. बॉक्स मिळाला, अठराशेला, झाकणाची एक पट्टी नाहीये. रबरशीट उद्या लावतो. स्पॅनरदादा, त्या तुटलेल्या पट्टीच्या जागी झिप टाय चालेल का? आणि मॅफ सेन्सर साफ करायला कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटरचा स्प्रे) आहे घरी, तोच मारू?

स्पॅनर२२ (रात्री ८:४२)
झिप टाय तात्पुरता, झाकणातून हवा गळता कामा नये. कार्ब क्लीनर मारू नकोस!! मॅफचा वेगळा स्प्रे येतो, तोच आण, तारेला बोट लावू नकोस, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर जोडू नकोस.