लॉरा द्या, पण ओमाकायासबरोबर

बी ३०४, सावनीची आई: नमस्कार. सावनी सहावीत आहे. हल्ली तिला अमेरिकेतल्या जुन्या वस्त्यांचं वेड लागलंय. कापडी छपराच्या घोडागाड्या, ओंडक्यांची घरं, माळावर नव्याने संसार मांडणारी माणसं. त्या काळावरच्या, तिच्या वयाला झेपतील अशा कादंबऱ्या कोणी सुचवाल का? इंग्रजी बऱ्यापैकी वाचते. सुट्टी लागायच्या आत मिळाल्या तर फार बरं होईल.

ए १०१: लॉरा इंगल्स वाइल्डर! 'लिटल हाउस'ची अख्खी मालिका द्या, डोळे मिटून.

सी ७०१, जोशीकाकू: डोळे मिटून नको गं, पण द्या नक्की. घरी पुस्तकं आहेत, केव्हाही या. लॉराचा जन्म १८६७ चा, विस्कॉन्सिनमधल्या पेपिन गावाजवळचा. पहिलं पुस्तक, 'लिटल हाउस इन द बिग वुड्स', १९३२ मध्ये आलं तेव्हा बाई पासष्ट वर्षांच्या होत्या. हाताने काम कसं करायचं हे इतक्या बारकाईने सांगणारी मुलांची पुस्तकं मी फार कमी पाहिलीत. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'मध्ये बाबा दार बनवतात ते बघा. खिळे नाहीत, म्हणून लाकडी खुंट्या. बिजागऱ्या चामड्याच्या पट्ट्यांच्या. कडीला बांधलेली दोरी भोकातून बाहेर सोडलेली. रात्री ती आत ओढून घेतली की बाहेरून दार उघडत नाही. सावनी वाचून लगेच पुठ्ठ्याचं दार करायला बसेल बघा.

आणि थोडी मोठी झाली की 'द लाँग विंटर'. १८८०-८१ चा डाकोटातला हिवाळा. बर्फाने रेल्वे बंद पडते, गावातला कोळसा संपतो, पीठ संपतं. मग वाळलेलं गवत पिळून त्याच्या कांड्या करायच्या आणि त्या चुलीत घालायच्या, बियाण्याचा गहू कॉफीच्या छोट्या चक्कीत दळायचा. एकाने दळायचं थांबवलं की दुसऱ्याने बसायचं, दिवसभर. शेजारच्या मुलाने बियाण्याचा गहू भिंतीआड लपवलाय हे बाबांनी ओळखलेलं असतं. ते काही न बोलता जातात, भिंतीतलं बूच काढतात आणि बादली भरून घेतात. भूक म्हणजे काय, हे त्या एका प्रसंगात मुलांना कळतं.

सी ४०२, देशमुखकाका: यात टोळधाडीचं पण एक पुस्तक आहे ना? नातीने मला वाचून दाखवलं होतं. मे २०२० मध्ये आमच्या काटोलकडे टोळ आले होते, त्यामुळे ऐकताना अंगावर काटा आला.

सी ७०१, जोशीकाकू: हो काका, 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक'. मिनेसोटातलं. ढग आला म्हणून वर बघतात तर टोळ. उभा गहू जातो आणि बाबा ठिगळांचे बूट घालून शंभराहून जास्त मैल चालत मजुरीला जातात, कारण बुटांचे पैसे त्यांनी चर्चच्या घंटेला दिलेले असतात. आपल्याकडे आले ते वाळवंटी टोळ. तिथली ती रॉकी माउंटन टोळांची जात पुढे नामशेषच झाली, शेवटचा जिवंत टोळ दिसल्याची नोंद १९०२ ची आहे.

बी १०३: प्लम क्रीकला आम्ही गेलो होतो, ताई मिनियापोलिसला असते. ओढ्याच्या दरडीत खोदलेलं त्यांचं घर केव्हाच ढासळलंय. आता तिथे फक्त गवताने भरलेला खळगा आणि एक पाटी आहे.

सेक्रेटरी: उद्या १० ते १२ टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

ए ५०३: जोशीकाकू, एक विचारू? या बाईंच्या नावाचं बक्षीस होतं, त्याचं नाव २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने बदललं ना? मूळ रहिवाशांबद्दल वाईट लिहिलंय म्हणून. मग मुलांना द्यायचं कशाला?

सी ७०१, जोशीकाकू: बरोबर विचारलंत. तेच सांगायचं होतं, म्हणून म्हटलं डोळे उघडे ठेवून द्या.

'प्रेअरी'मधलं ते घर कॅन्ससमध्ये ओसेज या मूळ रहिवासी लोकांच्या राखीव जमिनीवर बांधलं होतं. त्यांनी ती अजून सोडलेली नव्हती, तरी लोक घुसून घरं बांधत होते, त्यात लॉराचे बाबाही होते. पुढे ओसेजांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. १९३५ च्या आवृत्तीत असं वाक्य होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) राहत. एका वाचकाने कळवल्यावर १९५३ मध्ये 'माणसं' काढून 'वसाहतवाले' केलं. पण शेजारणीच्या तोंडचं, मेलेला इंडियनच काय तो चांगला, हे वाक्य अजून आहे. आईला त्या लोकांचा तिटकारा आहे, तो पानोपानी जाणवतो. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात हे देऊन आपण निघून जाऊ नये.

त्याच पुस्तकात सगळं घर मलेरियाने पडलेलं असताना बरं करणारा डॉक्टर टॅन कृष्णवर्णीय आहे, आणि तो खराखुरा होता. तेही तिला दाखवा.

माझं मत विचाराल तर पहिलं पुस्तक लॉराचं देऊच नका. लुईझ अर्ड्रिच यांचं 'द बर्चबार्क हाउस' द्या, १९९९ चं. लेखिका स्वतः ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांच्या वंशातल्या आहेत आणि चित्रंही त्यांचीच. सात वर्षांची ओमाकायास, लेक सुपीरियरमधलं मॅडलिन बेट, साल १८४७. म्हणजे लॉराच्या जन्माआधी वीस वर्षं, तेही विस्कॉन्सिनच. लॉराच्या पहिल्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे की त्या रानात माणसंच नव्हती. ओमाकायासचं घर आधी वाचलेलं असेल तर सावनी तिथे आपणहून थांबेल.

आणि दोन्हीकडे मेपलचा रस गोळा करून आटवतात, साखर करतात, अगदी आपल्या गुऱ्हाळाची लगबग. दोन्ही प्रकरणं एका दिवशी वाचून घ्या. उन्हाळ्यात आजी आणि ओमाकायास झाडाच्या सालीचं घर बांधतात, हिवाळ्यात सगळे गावातल्या ओंडक्यांच्या घरात येतात. ओंडक्यांचं घर म्हणजे फक्त गोऱ्यांचं, हेही तिथे गळून पडतं. त्यातला एक माणूस मिशनच्या शाळेत इंग्रजी वाचायला शिकतो, का, तर करारनाम्यावर काय लिहिलंय ते आपलं आपल्याला कळावं म्हणून.

हिवाळ्यात देवीच्या रोगाची साथ येते, आणि घरातलं तान्हं बाळ जातं. त्या प्रकरणाला तुम्ही शेजारी बसा.

डी २०२: काकू, 'प्रेअरी लोटस' पण सांगा ना. लिंडा स्यू पार्क, २०२०. १८८० चं डाकोटा, हॅना नावाची मुलगी, आई अर्धी चिनी. तिला शाळेत जायचंय आणि कपडे शिवायचेत, पण गावातले लोक आपल्या मुलांना शाळेतून काढून घेतात. मला लॉरा लहानपणी फार आवडायची, पण तिच्या गावात माझ्यासारखी दिसणारी मुलगी असती तर काय झालं असतं, हे या पुस्तकात पहिल्यांदा वाचायला मिळालं.

सी ७०१, जोशीकाकू: हे माझ्याकडे नाही गं, वाचायला देशील का?

डी २०२: रात्री आणून देते.

बी ५०१: माझा मुलगा चौथीत आहे, त्याला एवढं जाड पुस्तक जमणार नाही.

सी ७०१, जोशीकाकू: त्याला 'सारा, प्लेन अँड टॉल' द्या, पॅट्रिशिया मॅक्लाक्लन. साठ पानंही नाहीत. आई नसलेली दोन भावंडं, बाबांनी वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात, आणि समुद्रकाठच्या मेनहून माळावर येणारी सारा. तिला समुद्राची आठवण येते आणि मुलांना भीती वाटत राहते की ही परत जाईल. एका बैठकीत होतं. तुम्ही मोठ्याने वाचा, तो ऐकेल.

बी ३०४, सावनीची आई: काकू, खूप आभार. मग आधी 'बर्चबार्क', नंतर 'बिग वुड्स' आणि 'प्रेअरी' आम्ही दोघी मिळून वाचतो. आज सहाला न्यायला आलं तर चालेल का?

सी ७०१, जोशीकाकू: या. सावनीलाही आणा. 'बर्चबार्क'मध्ये त्या बेटाचा नकाशा आहे, तो आधी तिला बघू दे.