मदत हवी आहे : बलूनवरून सूर्याचं अवरक्त निरीक्षण

नमस्कार मंडळी. मी मुलुंडला नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. यंदाच्या प्रदर्शनात मुलांना दाखवायचंय की सूर्य बघायला दुर्बीण बलूनला टांगून इतकी उंच का नेतात. हवेतली वाफ बरंचसं अवरक्त (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) शोषून घेते आणि ती जवळजवळ सगळी खालच्या थरातच असते. ३५ किलोमीटरवर वाट मोकळी होते. एवढं मुलांना पटलं. (मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांना वाफेचं वेगळं काय सांगायचं!)

आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हैदराबादहून १०० सेंटीमीटरची दुर्बीण बलूनवरून सोडली होती, पण ती दूर अवरक्तात (तांबड्यापासून खूप पलीकडच्या, लांब तरंगलांबीच्या प्रकाशात) ताऱ्यांच्या जन्मस्थळांकडे बघायची. सूर्यासाठी २०२४ मध्ये स्वीडनहून 'सनराइज ३' हे बलूनवरचं दुर्बीण-अभियान उडालं, त्यात जवळच्या अवरक्ताचा (तांबड्याला लागून असलेल्या) वर्णपटमापकही, म्हणजे प्रकाशाचे घटक वेगळे करून मोजणारं उपकरणही होतं.

मुलांचा प्रश्न असा : तिथे हवा इतकी विरळ की ती उष्णता फारशी वाहून नेत नाही, मग दिवसभर सूर्याकडे रोखलेली दुर्बीण थंड कशी राहते? नको असलेला प्रकाश आरशानेच बाहेर परतवतात, एवढं वाचलंय. उरलेल्या उष्णतेचं काय होतं? आणि वाफेचं शोषण वर्गात, साध्या साहित्यात कसं दाखवता येईल? बलूनच्या कामाचा अनुभव असलेलं कुणी मुलांशी तासभर बोललं तर फार बरं होईल. शाळा दुपारची आहे, शनिवारी सकाळी जमेल.