शिक्षकाने कलाशिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्यावी, की तीच दोन वर्षं स्वतःचा हात घडवण्यात घालवावीत?

रंगरेषा
शाळेत कला शिकवणाऱ्याने पुढचं शिक्षण चित्रकलेत नाहीतर संगीतात घ्यावं, असं सर्रास धरून चालतात. मला ते पटत नाही. वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला कलाशिक्षण या विषयातली पदव्युत्तर पदवी जास्त उपयोगी पडते, आणि ती चार-पाच वर्षं शिकवून झाल्यावर घ्यावी. मुलांचे प्रश्न गाठीशी असले की वाचलेलं अंगी लागतं.

एकच उदाहरण देते. नऊ-दहा वर्षांची बरीच मुलं माणूस काढताना त्याचे हात पाठीमागे लपवतात, नाहीतर खिशात घालतात. दोन-तीन वर्षांपूर्वी हीच मुलं पाच रेघा ओढून मोकळी होत होती. आता बोटं बोटांसारखी दिसत नाहीत हे त्यांना कळायला लागलेलं असतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले. त्यातला हा टप्पा आहे, मूल स्वतःच्या चित्राचं परीक्षण करू लागतं तो. हे ठाऊक नसलेला शिक्षक पेन्सिल उचलतो आणि मुलाच्याच कागदावर हात दुरुस्त करून देतो. पुढच्या तासाला ते मूल म्हणतं, 'मला चित्र येत नाही.' कितीतरी जणांची चित्रकला इथे कायमची सुटते. चांगला हात असलेले शिक्षकच हे जास्त करतात, कारण चूक त्यांना पटकन दिसते.

कोरा कागद
साफ असहमत. त्या मुलाला हात काढता यायला हवाय, बाकी काही नको. आधी तळव्याची चौकट, अंगठा कुठून फुटतो ते, मग बोटांचे सांधे एका कमानीत कसे येतात ते वेगळ्या कागदावर काढून दाखवा. पाच मिनिटांत चेहरा खुलतो पोराचा! पण ते दाखवायला शिक्षकाने स्वतः शेकडो हात काढलेले असावे लागतात. शिक्षक निवडण्याच्या मुलाखतींना मी बसलोय. प्रबंध उत्तम लिहिलेला असतो, आणि फळ्यावर बसलेला माणूस काढायला सांगितला की खडू अडतो.

आणि लोवेनफेल्ड यांच्यावर एवढी भिस्त का? नक्कल केल्याने मुलाची सर्जकता मारली जाते, असं ते मानत. ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या कलाशिक्षणाच्याच अभ्यासकांनी १९७७ मध्ये याच्या विरोधात मांडणी केली. मुलं चित्रं काढायला शिकतात ती मुख्यतः इतर चित्रं बघून, असं त्यांचं म्हणणं. कॉमिक्स बघून, शेजारच्याची वही बघून.

रंगरेषा
विल्सन यांचं नाव काढलंत ते बरं झालं. एखादं मूल वर्षभर एकच कार्टून गिरवत बसतं. त्याला गिरवू द्यायचं का? कधी थांबवायचं? की त्याच पात्राला नवीन प्रसंगात घालायला सांगायचं? हा प्रश्न आठवड्यातून दोनदा पडतो, आणि त्यावरची दोन्ही मतं समोरासमोर ठेवून वाद घालायला शिकवणारी जागा म्हणजेच हा अभ्यासक्रम. तुम्ही दोन्ही वाचलीत. बहुतेक शिक्षकांपर्यंत यातलं एकही पोचत नाही.

तिसरी घंटा
मी भाषेची शिक्षिका आहे, कलेची नाही. पदव्युत्तर अभ्यासात मला सर्वांत कामाचं मिळालं ते म्हणजे खोटे दावे ओळखणं. 'कला शिकवा, गणिताचे गुण वाढतील' असं सांगून कलेचा तास वाचवायची सवय आहे सगळ्यांना. एलन विनर आणि लोइस हेटलंड या संशोधकांनी त्या वेळेपर्यंतच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा २००० साली प्रसिद्ध केला. कलेमुळे एकूण शालेय गुण वाढतात याला भक्कम आधार सापडला नाही. वर्गात गोष्ट नाटकासारखी करून बघण्याचा भाषेच्या आकलनाला फायदा होतो, हे मात्र निघालं. तेव्हापासून मी धडा वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरांआधी त्यातला एक प्रसंग मुलांकडून करून घेते. पात्र गप्प का राहिलं हे त्यांना उभं राहिल्यावर समजतं.

कोरा कागद
ताई, हे मान्य. पण त्याच दोघींनी पुढे सहकाऱ्यांबरोबर चित्रकलेच्या वर्गांचं निरीक्षण केलं, २००७ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. निरीक्षणासाठी जे पाच शिक्षक घेतले ते स्वतः काम करणारे कलाकार होते. याकडे का दुर्लक्ष करायचं?

रंगरेषा
दुर्लक्ष नाही. त्या वर्गांतून मनाच्या, म्हणजे विचार करण्याच्या, आठ सवयी हाती लागल्या, आणि कसब ही त्यातली एक. निरीक्षण, कल्पना, चिकाटी, स्वतःच्या कामाचा विचार यांसारख्या बाकीच्या सवयी कसबाच्या मागून आपोआप येतात असं तुम्ही धरून चालताय.

खर्ज
धागा चित्रातच अडकलाय. संगीतात काय होतं ते सांगतो. बारा-तेराव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. उत्तम गाणारे शिक्षकही त्यांना 'बेसूर' म्हणून मागच्या रांगेत बसवतात. संगीतशिक्षणाचे अभ्यासक जॉन कुकसी यांनी १९७०च्या दशकात या बदलाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर गळ्याला झेपणारी स्वरमर्यादा मांडून ठेवली. पट्टी बदलली, चार स्वरांत बसेल अशी ओळ दिली की तोच मुलगा गात राहतो. माझ्या वीस वर्षांच्या रियाजात मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

कोरा कागद
हे पटलं. तरी माझी अट कायम आहे: प्रवेश देताना त्या शिक्षकाला गायला लावा, काढायला लावा, आणि दोन वर्षांतला निम्मा वेळ स्टुडिओत जाऊ द्या. असा अभ्यासक्रम असेल तर मी स्वतः शाळेतल्या तरुण शिक्षकांना रजा मिळवून देईन.